ट्रेलरची कॉर्ड: पीळ, वेटोळं आणि काळी पडलेली पिन

३० अँपच्या कॅम्पिंग ट्रेलरला बाहेरून वीज पुरवणारी कॉर्ड म्हणजे १० गेजच्या (जाडीच्या) तीन तारा, २५ ते ३० फूट लांबी आणि टोकाला टीटी-३० हा तिरक्या पात्यांचा जाडजूड प्लग. अमेरिकेत नवा ट्रेलर घेतलेली आपली मंडळी तिला घरच्या एक्स्टेन्शनसारखी वागवतात. भारतात २ किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर ९ अँपसुद्धा घेत नाही. इथे १२० व्होल्टवर तेवढ्याच वॅटला जवळपास १७ अँप लागतात, आणि करंट दुप्पट झाला की त्याच तारेतली उष्णता चौपट होते.

हिशेब करून बघा. छतावरचा एसी साधारण १३ अँप, पाणी तापवायचा विजेवरचा हीटर १२. दोन्ही सुरू असले की कॉर्डमधून २५ अँप जातात. ३० फुटी कॉर्डमध्ये जाऊन-येऊन ६० फूट तांबं, म्हणजे ०.०६ ओहमच्या आसपास रोध आणि ३७ वॅट उष्णता. कॉर्ड मोकळी पसरलेली असेल तर ती जेमतेम कोमट लागते. पण पेडेस्टल, म्हणजे कॅम्पग्राउंडवरचा विजेच्या सॉकेटचा खांब, १० फुटांवर आहे म्हणून उरलेली २० फूट घट्ट गुंडाळून बादलीत कोंबली, तर आतल्या वेटोळ्यांची उष्णता बाहेर पडायला वाटच राहत नाही. जास्तीची कॉर्ड ट्रेलरखाली सैल, नागमोडी सोडायची. कॉर्ड ट्रेलरच्या भिंतीतल्या कप्प्यात राहणारी असेल तर भर उन्हाळ्यात सगळी बाहेर ओढून घ्यायची.

टोकांचं प्रकरण याहून वाईट. पिन आणि सॉकेटच्या पकडीत नुसता ०.१ ओहमचा रोध आला, तर २५ अँपला त्या एका पिनपाशी ६२ वॅट निर्माण होतात. प्लास्टिकच्या आत सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखंच हे. पिन आधी तपकिरी दिसते, मग काळी, मग तिच्याभोवतीचं प्लास्टिक ओघळतं. नुसता डाग असेल तर दोन्ही टोकं सोडवून बारीक पॉलिश पेपरने घासा. प्लास्टिक वितळलं असेल तर ते टोक कापून नवा प्लग बसवा. वितळलेला प्लग पुढच्या कॅम्पग्राउंडचं चांगलं सॉकेटही बिघडवतो. ट्रेलरकडचं टोक सुटं होणारं असेल तर ते आत ढकलून उजवीकडे फिरवायचं आणि वरची आट्यांची रिंग घट्ट करायची. ही रिंग विसरली की कॉर्डच्या स्वतःच्या वजनाने पकड ढिली होते. काळ्या पिना शोधायच्या तर पहिल्यांदा इथेच बघा.

लावताना पेडेस्टलचा ब्रेकर आधी बंद. मग ईएमएस (व्होल्टेज आणि वायरिंग तपासून बिघाड असेल तर वीज तोडणारं यंत्र) लावून ब्रेकर चालू करायचा आणि तपासायचं. सगळं ठीक असेल तरच ब्रेकर पुन्हा बंद करून कॉर्ड जोडायची, मग ब्रेकर चालू. टीटी-३० हे १२० व्होल्टचं सॉकेट आहे, पण कपडे वाळवायच्या ड्रायरच्या सॉकेटशी गल्लत करून त्याला २४० जोडणारे इलेक्ट्रिशियन भेटतात. घरी नवीन सॉकेट बसवून घेतलं असेल तर मीटर लावल्याशिवाय ट्रेलर जोडू नका, कन्व्हर्टर (१२० व्होल्टची वीज ट्रेलरच्या १२ व्होल्टच्या उपकरणांसाठी बदलणारा) आणि मायक्रोवेव्ह क्षणात जातात. काढताना आधी आत एसी आणि हीटर बंद, मग ब्रेकर, मग पेडेस्टलकडचं टोक आणि शेवटी ट्रेलरकडचं. प्लगच्या मुठीला धरून ओढायचं, तारेला नाही.

आता गुंडाळणं. कोपर आणि पंजा यांच्याभोवती दोरीसारखे वेढे घातले की प्रत्येक वेढ्यामागे कॉर्डला एक पूर्ण पीळ बसतो. पुढच्या वेळी ती सापासारखी उसळते आणि आतल्या तारा हळूहळू मुरगळतात. त्याऐवजी २ फूट व्यासाचं वेटोळं घ्या, ३० फुटांची साधारण पाच होतात. पहिलं सरळ, दुसरं घेताना मनगट आत वळवून कॉर्ड खालून, तिसरं पुन्हा सरळ. एकाचा पीळ दुसरं काढतं. जमत नसेल तर जमिनीवर इंग्रजी आठचा आकडा घाला, परिणाम तोच. कॉर्ड ट्रेलरला कायमची जोडलेली असेल तर ट्रेलरच्या बाजूने सुरुवात करा, म्हणजे उरलासुरला पीळ मोकळ्या टोकातून निघून जातो. दुसऱ्या हातात ओलं फडकं ठेवलं तर गुंडाळता गुंडाळता चिखलही पुसला जातो. शेवटी दोन वेल्क्रो पट्टे, समोरासमोर.

ठेवायला तळाला भोकं असलेला रुंद, उथळ टब उत्तम. पाच गॅलनची बादली लोकप्रिय आहे, पण तिच्यात वळणं फार अरुंद होतात. ५० अँपच्या चार तारांच्या कॉर्डसाठी तर तिचा विचारच नको. सांडपाण्याचा पाइप याच टबात ठेवणारे लोक आहेत. त्यांच्याकडे चहाला जाऊ नये!

भिंतीतल्या कप्प्यात कॉर्ड ढकलताना अडली तर जोर करू नका. आत वेटोळं पाण्याच्या नळीमागे किंवा लाकडी पट्टीला अडकलेलं असतं. फूटभर बाहेर ओढून पुन्हा सोडा. तरी अडली तर पलंगाखालची फळी उघडून हाताने मोकळी करा. कॉर्ड बाहेर काढायची झाकणातली छोटी खाच मात्र उंदरांचा दरवाजा असते. कॉर्ड आत असताना खाच बंद ठेवा. बाहेर असताना खाचेत कॉर्डभोवती तांब्याची जाळी खुपसा. फोम उंदीर कुरतडतात आणि स्टील वूल गंजून झाकणावर तांबडे ओघळ सोडतं.

कडाक्याच्या थंडीत वरचं आवरण काठीसारखं ताठ होतं. सकाळी सहाला निघायची घाई असली तरी कॉर्ड अर्धा तास उन्हात किंवा ट्रेलरच्या आत राहू द्या, मग गुंडाळा.