तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे पैसे जातात कुठे?

कुणाकडे जेवायला गेलं आणि मी काय काम करते हे निघालं, की दुसऱ्यांदा वाढेपर्यंत प्रश्न येतोच. “अगं, नशा सोडवायला सरकार एवढे पैसे ओततंय, ते जातात कुठे?” परवा एका काकांनी पुढे जोडलं, “गर्दुल्ल्यांना फुकट औषधं वाटण्यापेक्षा...” उरलेलं वाक्य काकूंनी डोळ्यांनीच थांबवलं. ताटावर बसून याचं उत्तर देता येत नाही, म्हणून लिहिते.

मी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, व्यसनावर उपचार करणाऱ्या एका लहान संस्थेत ग्रँटचं, म्हणजे सरकारी अनुदानाचं काम बघते. अर्ज लिहायचे, हिशेब ठेवायचे, अहवाल पाठवायचे. रुग्णांशी थेट संबंध जवळपास नाही. अपवाद फक्त एका फोनचा, त्याबद्दल पुढे सांगते.

पैसा येतो वॉशिंग्टनहून. डिसेंबर २०१६ मध्ये झालेल्या ‘ट्वेन्टी फर्स्ट सेंच्युरी क्युअर्स’ कायद्याने ओपिऑइडच्या, म्हणजे अफूच्या जातीच्या औषधांच्या आणि नशेच्या, संकटासाठी राज्यांना दोन वर्षांत मिळून १०० कोटी डॉलर दिले. २०१८ पासून ‘स्टेट ओपिऑइड रिस्पॉन्स’ ही ग्रँट आली. आम्ही तिला नुसतं ‘सॉर’ म्हणतो. देशभर वर्षाला साधारण १५० कोटी डॉलर. ते आधी राज्याकडे, मग काउंटीच्या (इथल्या जिल्ह्याच्या) मंडळाकडे आणि तिथून आमच्यासारख्यांकडे येतात. प्रत्येक ठिकाणी नवा करार, नव्या सह्या. पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्यात पोचेपर्यंत काय होतं, ते शेतकऱ्याला विचारा.

एका वर्षी आमच्या करारावर सही झाली तेव्हा बारातले चार महिने उलटून गेले होते. नर्स हवी होती. आठ महिन्यांच्या नोकरीसाठी चालू नोकरी कोण सोडणार? मिळेपर्यंत आणखी दोन महिने गेले. वर्षअखेर तिच्या पगाराचे पैसे शिल्लक राहिले आणि परत गेले. पुढच्या बैठकीत एका साहेबांनी शांतपणे विचारलं, “म्हणजे तुमच्याकडे तेवढी गरज नव्हती तर?” त्या दिवशी मी गप्प बसले, याचा मला अजून राग येतो.

आता काकांच्या फुकट औषधांबद्दल. ती दोन प्रकारची आहेत. एक नालोक्सोन, म्हणजे ओपिऑइडचा ओव्हरडोस उतरवणारा नार्कॅनचा स्प्रे. डबीत दोन असतात. श्वास थांबत चाललेल्या माणसाच्या नाकपुडीत टोक घालायचं आणि दट्ट्या दाबायचा. दोन-तीन मिनिटांत श्वास परतला नाही तर दुसरा मारायचा. शिकायला दहा मिनिटं पुरतात. याला फारसा कुणी विरोध करत नाही.

भांडण दुसऱ्यावर असतं. व्यसनावरच्या उपचारात देतात ती मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं स्वतःच ओपिऑइड आहेत, म्हणून लोक म्हणतात, एक नशा काढून दुसरी लावली. पण योग्य मात्रेत त्यांनी झिंग येत नाही. तलफ आणि अंगाची तडफड थांबते, आणि माणूस कामावर जाऊ शकतो. नुसतं आठवडाभर कोंडून ‘साफ’ केलेला माणूस बाहेर पडतो तेव्हा त्याच्या शरीराची सवय मोडलेली असते. मन मात्र तिथेच असतं. त्याने पूर्वीचीच मात्रा घेतली तर ती त्याला मारते. म्हणून सॉरची अट आहे की नुसतं डिटॉक्स, म्हणजे असं ‘साफ’ करणं, हा उपचार नव्हे, ही औषधं उपलब्ध करून द्यायलाच हवीत. सरकारी कागदपत्रांत मला मनापासून पटलेली जी थोडी वाक्यं आहेत, त्यातलं हे एक.

आणि गंमत बघा. ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्यासाठी डॉक्टरांना २०२२ च्या अखेरपर्यंत वेगळी परवानगी लागायची. वेदनेवरच्या ज्या ओपिऑइड गोळ्यांनी हे सगळं सुरू झालं त्या लिहायला अशी वेगळी परवानगी कधीच लागली नाही. त्यातलं ऑक्सिकॉन्टिन १९९६ साली बाजारात आलं. आमच्या राज्याच्या दक्षिण टोकाला, पोर्ट्समथच्या आसपास, रोख पैसे घेऊन या गोळ्यांच्या चिठ्ठ्या लिहिणारे दवाखाने उभे राहिले. २०११ मध्ये कायदा करून ते बंद पाडले. गोळ्या आटल्या, पण तलफ आटली नाही. आधी हेरॉइन आलं, मग त्याहून कितीतरी जहाल असं कृत्रिम ओपिऑइड, फेंटानिल.

पैशाला कुठे शिरायची मुभा आहे, हेही ठरलेलं असतं. नशेच्या मालात फेंटानिल मिसळलंय का, हे दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या फेडरल पैशातून घ्यायला एप्रिल २०२१ मध्ये परवानगी मिळाली. नशा टोचून घेणाऱ्यांना द्यायच्या स्वच्छ सुया आजही घेता येत नाहीत. आमच्या व्हॅनचं पेट्रोल ग्रँटचं, नर्सचा पगार ग्रँटचा. सुयांचे खोके मात्र देणगीच्या पैशांचे, वेगळ्या कपाटात, वेगळ्या वहीत. व्हॅन एकच, रुग्ण एकच, वह्या दोन. सुरुवातीला सॉर फक्त ओपिऑइडपुरती होती. मेथ (मेथॅम्फेटामिन, ही नशा ओपिऑइड नव्हे) घेणारा माणूस दारात आला तर त्याचा खर्च कुठे दाखवायचा हा प्रश्न पडायचा. तो २०२० मध्ये सुटला.

उपयोग झाला का? २०२२ मध्ये अमेरिकेत सगळ्या प्रकारच्या ओव्हरडोसने सुमारे १ लाख ८ हजार माणसं गेली. २०२४ मध्ये हा आकडा ८० हजारांच्या आसपास उतरला. सगळं श्रेय ग्रँटला द्यायला माझी जीभ धजत नाही. बाजारातला मालही बदलत असतो, आणि जे सर्वांत धोक्यात होते त्यांतले किती तरी आधीच गेले. पण नार्कॅनच्या डब्या ग्रंथालयापर्यंत पोचल्या, त्या कुणाच्या तरी पैशांनीच पोचल्या.

राहिला तो फोन. उपचार सुरू करणाऱ्या प्रत्येकाची मुलाखत घ्यायची आणि सहा महिन्यांनी पुन्हा घ्यायची, असा आमच्या ग्रँटचा नियम होता. शंभरातल्या ऐंशींना गाठायचं. पाच महिने पूर्ण झाल्यापासून आठ महिने पूर्ण होईपर्यंत मुदत. दुसऱ्या मुलाखतीसाठी ३० डॉलरपर्यंतचं गिफ्ट कार्ड देता यायचं, रोख नाही. हे फोन करायला माणूस नव्हता, म्हणून ते माझ्याकडे आले. राहायला घर आहे का, गेल्या तीस दिवसांत काय घेतलं, नोकरी आहे का, असे प्रश्न. ते विचारायची वेळ क्वचितच यायची, कारण नंबर बंद असायचा. मग आईचा नंबर, मग बहिणीचा. एकदा एक आई म्हणाली, “तो मार्चमध्येच गेला. तुम्ही सरकारकडून बोलताय का?” फॉर्मवर त्यासाठी एक वेगळा रकाना होता. मी तो भरला.

आणखी एकदा एका मुलीचा नंबर चौथ्यांदा लावला. मुदतीचे नऊ दिवस उरले होते. तिने उचलला. मागे यंत्रांचा आवाज होता. म्हणाली, “शिफ्टवर आहे, साडेबाराला ब्रेक आहे, तेव्हा करा.” साडेबाराला केला. उचलला नाही. पावणेएकला तिचाच आला.