वॉर्ड एक, पगार दोन
आज ब्रेकरूममध्ये सोबतच्या ट्रॅव्हल नर्सशी (म्हणजे माझ्यासारखीच, एजन्सीमार्फत ठरावीक आठवड्यांसाठी हॉस्पिटलात काम करणारी) पगाराचं बोलणं निघालं. वॉर्ड तोच, शिफ्ट तीच, 13 आठवड्यांचं काँट्रॅक्टही तेच. एजन्सी तेवढी वेगळी. आकडा ऐकून पोळीभाजी घशाखाली उतरेना! हॉस्पिटल एजन्सीला तासाचा दर देतं, ती आपला वाटा कापते, उरलेलं आपलं. त्या नर्सचा तासाचा रेट माझ्याहून कमी, पण राहण्याजेवणाचा भत्ता घसघशीत, आणि त्यावर टॅक्स नाही (मूळ घर दुसरीकडे असेल तरच हं). मात्र ओव्हरटाइम सहसा तासाच्या रेटवर, तिथे ती मार खाते. सगळे म्हणतात कॅलिफोर्निया गाठ. पगार मोठा खरा, पण घरभाडं? शिवाय इथे टेक्सासात स्टेट इन्कम टॅक्स नाही. माझ्या एजन्सीच्या रिक्रूटरकडे पगाराची सगळी फोड लेखी मागितलीये. कुणाचा चांगल्या एजन्सीचा अनुभव असेल तर इनबॉक्स करा गं.