जुना फोटो घेऊन सुरसागरच्या काठाने

बडोद्यात मांडवीतून पश्चिमेला निघून लहरीपुरा दरवाजा ओलांडला की न्यायमंदिराची इमारत येते आणि तिच्या पलीकडे सुरसागर तलाव. हातातल्या फोटोत चार माणसं, मागे कठडा, पाणी आणि पैलतीरावर न्यायमंदिर. म्हणजे फोटो काढणाऱ्याचं तोंड पूर्वेला होतं, एवढं घरबसल्याच कळतं. नेमकी जागा मात्र काठावर उभं राहिल्याशिवाय सापडत नाही.

त्यासाठी फोटोतल्या दोन उभ्या रेघा निवडायच्या, एक जवळची आणि एक लांबची. इथे कठड्याचा खांब आणि न्यायमंदिराचा कोपरा. काठाने चालत राहायचं. खांब कोपऱ्याच्या डावीकडून सरकत बरोबर त्याच्यावर आला की थांबायचं. त्या रेषेवर कुठेतरी कॅमेरा होता. मग तशीच दुसरी जोडी घ्यायची. दोन्ही जोड्या एकदम जुळल्या की जागा पक्की. झाडांवर विसंबू नये, ती वाढतात आणि तोडलीही जातात. तलावातली शंकराची उंच मूर्ती अलीकडची आहे, ती डोळ्याआड करूनच बघावं.

इथे बहुतेकांचं एक हमखास चुकतं. आपला प्रिंट ६ × ९ सेंमीचा, निगेटिव्हच्याच मापाचा. १२० नंबरच्या फिल्मच्या रोलवर असे ८ फोटो निघत, आणि तो साध्या बॉक्स कॅमेऱ्याचा असण्याची शक्यता मोठी. त्या कॅमेऱ्यात वरून डोकावून बघावं लागे, म्हणून तो पोटाशी धरत. आपण मोबाइल डोळ्यांपाशी धरतो, आणि कठड्याची वरची कड इमारतीच्या भलत्याच उंचीवर जाऊन बसते. मोबाइल पोटाशी आणला की जुळते.

आता सावल्या. तोंड पूर्वेला असल्याने डावीकडे उत्तर, उजवीकडे दक्षिण. माणसांच्या सावल्या त्यांच्या मागे पडल्या असतील, तर वेळ दुपारनंतरची. त्या मागे डावीकडे झुकल्या असतील तर हिवाळा. उजवीकडे झुकल्या असतील तर उन्हाळ्याचे दिवस, जूनच्या आगेमागे. नुसत्या लांबीवरून ऋतू ठरवू नका: बडोद्यात डिसेंबरअखेर भर मध्यान्हीलाही सावली माणसाच्या उंचीएवढी असते, आणि तेवढीच सावली जूनमध्ये दुपारी उशिरा पडते. इथली खरी मध्यान्ह वर्षातला बराच काळ घड्याळात साडेबाराच्या पुढे होते, हेही धरून चाला.

सालाचं काम उरतं, आणि मला सगळ्यात गोडी त्याचीच. न्यायमंदिर १८९६ चं, १२० ची फिल्म १९०१ ची. फोटो १२० च्या रोलवरचा असेल, तर १९०१ च्या आधीचा असूच शकत नाही. प्रिंटची कड दातेरी असेल तर १९३० ते १९५० च्या दशकांकडे बघा. मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर भाग्यच: सहा आकडी पिनकोड म्हणजे १९७२ च्या ऑगस्टनंतरचा. पुसट शिक्का वाचायला बॅटरी आडवी धरून उजेड तिरपा पाडा, दाबाच्या खुणा उठून दिसतात. पण शिक्का प्रिंटचं वय सांगतो, फोटोचं नव्हे. जुन्या फोटोवरून नव्याने काढलेल्या प्रती घरोघरी असतात. तपशील मऊ झालेला आणि काळ्या भागात काहीच दिसत नसेल, तर प्रतीचा संशय घ्या. काठ कुठल्याच बाजूने जुळेना, तर निगेटिव्ह उलटी छापली गेली का ते पाहा: पुरुषांच्या शर्टाची, घालणाऱ्याच्या डाव्या हाताकडची पट्टी वर असायला हवी.

सुरसागर आटोपला की सयाजीबागेकडे जावं, कारण तिथे काढलेले फोटोही पुष्कळ सापडतात. दाराशी घोड्यावर बसलेले सयाजीराव म्हणजे काळा घोडा, १९०७ चा. बागेच्या त्याच दाराचा फोटो असून पुतळा नसेल, तर शेवटची मर्यादा मिळाली: फोटो १९०७ च्या आधीचा.

जुळलेली जागा, दिशा आणि सालांची दोन टोकं फोटोच्या मागे कडेला मऊ पेन्सिलने लिहावीत. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.