आमची वाटचाल: सिलिंडरच्या लेबलपासून व्हॉल्व्हच्या वहीपर्यंत

लातूरच्या एमआयडीसीत 2009 साली एका गाळ्यात आम्ही दोघा भावांनी काम सुरू केलं. अग्निशामक सिलिंडर रिफिल करून द्यायचे, एवढंच. डाळ मिल, तेल मिल, दोन-चार दवाखाने ही आमची गिऱ्हाइकं. पुढे परवाना मिळाला आणि हायड्रंट लाइनची, म्हणजे आग विझवायला पाणी नेणाऱ्या पाइपांची आणि त्यांवरच्या नळांची कामं येऊ लागली.

त्यातलं एक काम परभणी जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगचं. खोदकामात वजनकाट्याचा पाया आडवा आला, म्हणून लाइन वळवून काट्याच्या पलीकडून नेली. नकाशात मात्र ती अलीकडेच राहिली. ‘नंतर दुरुस्त करू’ असं ठरलं, बिल निघालं, माणसं पुढच्या साइटवर गेली.

तीन वर्षांनी, ऐन कापसाच्या हंगामात, तिथल्या गाठींना आग लागली. पंप सुरू झाला. पंपरूममध्ये प्रेशरचा काटा सात किलोवर, आणि थप्पीजवळच्या हायड्रंटला थेंब नाही. मी लातूरहून फोनवर होतो. समोर नकाशा पसरून सांगत होतो, “वजनकाट्याच्या अलीकडे खोदा, व्हॉल्व्हचा चेंबर तिथंच आहे.” पोरांनी अर्धा तास टिकाव मारला. शेवटी आमच्या जुन्या फिटरला झोपेतून उठवलं, तेव्हा त्याला आठवलं. चेंबर पलीकडे होता, सरकीच्या पोत्यांखाली.

आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते, आणि जमिनीखालच्या पाइपाचे सांधे त्यात हलतात. असाच एक सांधा गळत होता, म्हणून त्या लाइनचा व्हॉल्व्ह कुणीतरी बंद केलेला. दुसऱ्या दिवशी वॉचमन मामा म्हणाले, “साहेब, त्यो व्हॉल दिवाळीच्या आदी प्लंबरनं बंद केलता. मला वाटलं तुमाला म्हाईत आसंल.” माणूस कुणी दगावला नाही. पण गाठी आतल्या आत चार दिवस धुमसत होत्या. तो अर्धा तास माझ्या नकाशाने घालवला, हे मी आजही विसरलेलो नाही.

तेव्हापासून पाइप जसा टाकला तसा नकाशा हातात दिल्याशिवाय आम्ही शेवटचं बिल लावत नाही. प्रत्येक व्हॉल्व्हला पितळी बिल्ला आणि नंबर. पंपरूममध्ये एक वही: कोणता व्हॉल्व्ह कुणी बंद केला, कशासाठी, परत कधी उघडला. जॉकी पंप, म्हणजे लाइनमधलं प्रेशर टिकवणारा छोटा पंप, दिवसातून किती वेळा सुरू झाला तेही त्यात लिहायचं. एरवी दोन-तीनदा सुरू होणारा जॉकी पंधरा-वीस वेळा सुरू व्हायला लागला की लाइन कुठेतरी गळतेय, हे पाणी वर दिसायच्या आधीच वही सांगते.

2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. त्या उन्हाळ्यात एका इमारतीच्या फायर टँकची पातळी वहीत रोज थोडी थोडी उतरताना दिसली. पाणी वापरायला जात होतं. तहानलेल्या माणसाला काय बोलणार? पण टँक कोरडा पडण्याआधी कळलं, म्हणून सगळ्यांना बसवून बोलता आलं आणि टँकरची सोय लावता आली.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र मालकाने दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. आमच्या भाषेत फॉर्म बी. “येऊ नका, सही करून पाठवा” असे फोन दोन्ही महिन्यांत येतात. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत दहा नवजात बाळं गेली. त्यानंतर तर अशा फोनवर बोलतानाही माझा आवाज चढतो. आम्ही प्रत्येक हायड्रंट उघडून प्रेशर लिहितो, तो कागद फॉर्मला जोडतो, मगच सही करतो. यापायी काही जुनी गिऱ्हाइकं सोडून गेली. जाऊ देत.

त्या जिनिंगचं काम आजही आमच्याकडे आहे. नकाशा आता पत्र्यावर रंगवून पंपरूमच्या भिंतीला लावलाय, वजनकाट्यासकट. परवा गेलो तेव्हा वही उघडली. मामांच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: ‘व्हॉल नं. 7. वेल्डिंगसाठी बंद, सकाळी 10.20. उघडला 11.45. मी सोता पाणी सोडून बगितलं.’