यलोस्टोनचा जुना नकाशा: दक्षिणेचा सांधा अखेर जुळला!

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या जुन्या नकाशाच्या चार स्कॅन केलेल्या शीट मी संगणकावर जोडतोय. यलोस्टोन सरोवराच्या वेस्ट थम्ब या फाट्याच्या तोंडाशी तुटलेला किनारा काल रात्री एकदाचा सलग झाला. गॅलाटिन आणि कॅन्यन या उत्तरेच्या शीट मागेच मार्गी लागल्या होत्या, घोडं अडलं होतं शोशोनी आणि लेक या जोडीपाशी. दोन्ही शीट ११०°३०′ रेखांशावर भेटतात आणि नेमका तिथेच किनारा खटकन बाजूला सरकायचा. १:१,२५,००० प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर सव्वाशे मीटर, त्यामुळे डोळेझाक शक्यच नव्हती.

काहींनी थिन प्लेट स्प्लाइन, म्हणजे नकाशा रबरासारखा ताणून बसवायची पद्धत, सुचवली होती. मला ते पटत नाही. प्रत्येक कंट्रोल पॉइंट (जागा पक्की ठाऊक असलेला बिंदू) ओढूनताणून बसवला की चूक शून्य दिसते, पण मधल्या भागातले कंटूर (समान उंचीच्या रेषा) पिळवटून निघतात. उष्ण झरेही कंट्रोल पॉइंट म्हणून नकोतच. सर्वेक्षण १८८० च्या दशकातलं, आणि १९५९ च्या हेब्गेन लेक भूकंपाने तिथले कितीतरी झरे बदलून टाकले.

गुंता सुटला तो कागदाची चूक आणि डेटमची, म्हणजे मोजणीच्या मूळ आधाराची, चूक वेगळी केल्यावर. आधी प्रत्येक शीट तिच्या स्वतःच्या पॉलिकॉनिक प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची एक रीत) बसवली: पृथ्वीचा आकार क्लार्क १८६६ प्रमाणे, मध्य रेखांश शोशोनीला ११०°४५′ आणि लेकला ११०°१५′. पॉइंट घेतले फक्त छापील अक्षांश-रेखांशांच्या छेदांवर. कागदाचं आकसणं तिथेच निघालं. मग आजच्या नकाशावरची शिखरं ताडून पाहिली, तर फरक दाखवणारे सगळे बाण एकाच दिशेला! नॅड २७ हा उत्तर अमेरिकेचा १९२७ चा डेटम यायला तेव्हा चार दशकं होती. मोजणी चोख होती, सुरुवातीचा आधारच वेगळा होता. अख्खी शीट उचलून सरकवली आणि काम झालं.

माउंट शेरिडनच्या पूर्व उतारावर शंभर-शंभर फुटांच्या तपकिरी रेषा दाटीने हार्ट लेककडे उतरतात. त्या आता शीटची हद्द ओलांडतानाही अडखळत नाहीत. किती वेळ झूम करून बघत बसलो!

टोपोव्ह्यू या अमेरिकी सरकारी (यूएसजीएस) नकाशांच्या साइटवरचे स्कॅन फुकट आणि उत्तम आहेत, तेच घ्या. प्रिंट मात्र मॅट कागदावरच काढा, चकचकीत कागदावर बारीक कंटूर डोळ्यांना सापडत नाहीत.

पुढे प्लायवूडचं थरांचं मॉडेल करणार होतो. पण लिहिता लिहिताच वाटतंय, ते थांबू दे. पाया पक्का झालाय, तर आधी फायरहोल नदीकाठचे झरे आजच्या नोंदींशी ताडून बघू. या प्रमाणात एकेक झरा सुटा दिसणार नाही, म्हणून गायझर बेसिनचे (उष्ण पाण्याच्या फवाऱ्यांच्या खोऱ्यांचे) मोठ्या प्रमाणावरचे जुने नकाशे लागतील. कुणाकडे स्वच्छ स्कॅन असतील तर कळवा.