फायनान्सच्या डिग्रीचे दहा लाख: माझा हिशेब

बी.कॉम. झाल्यापासून मी ऐरोलीला एका कंपनीत परदेशी फंडांचं अकाउंटिंग करते. हातात महिन्याला ३२ हजार येतात. मला जायचंय क्रेडिटकडे, म्हणजे कंपनीचे ताळेबंद वाचून तिला कर्ज द्यावं की नाही हे ठरवणाऱ्या टीममध्ये. त्यासाठी एमबीए फायनान्स हवंच, असं जो तो सांगत होता. एमबीएची प्रवेश परीक्षा, सीईटी, दिली आणि नवी मुंबईतल्या एका खासगी संस्थेत जागा मिळत होती. दोन वर्षांची फी दहा लाख.

बँकेत गेल्यावर पहिली गोष्ट कळली ती तारणाची. साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज सरकारी हमी योजनेत तारणाशिवाय मिळतं. त्याच्या वर गेलो तर आमचा ठाण्यातला फ्लॅट तारण ठेवावा लागणार होता. बाबा लगेच म्हणाले, "ठेवू ना, त्यात काय!" मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

मग आम्ही दोघं वही घेऊन बसलो. दहा टक्के व्याज धरलं. निम्मी रक्कम पहिल्या वर्षी, निम्मी दुसऱ्या वर्षी उचलायची. शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज चालूच राहतं. कोर्स संपून सहा महिन्यांनी हप्ते सुरू केले, तर तोवर दोन लाख व्याज चढून कर्ज बारा लाखांवर गेलेलं. दहा वर्षांसाठी हप्ता साधारण १५,८५० रुपये, म्हणजे एकूण परतफेड १९ लाख. वर दोन वर्षांचा बुडालेला पगार, ७ लाख ६८ हजार. तो कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षं प्राप्तिकरात सवलत मिळते खरी, पण ती जुन्या करप्रणालीतच.

हप्त्याचा आकडा मोठा होता, तरी त्याने माझा निर्णय झाला नाही. निर्णय झाला प्लेसमेंट रिपोर्टमुळे. पहिल्या पानावर सरासरी पॅकेज नऊ लाख. मी मधला आकडा विचारला, म्हणजे निम्मी मुलं ज्याच्या खाली आहेत तो. फोनवरच्या मॅडम म्हणाल्या, "तो आम्ही काढत नाही." मग कुठल्या कंपनीने कुठल्या पदावर घेतलं, ती यादी मागून घेतली आणि एकेक ओळ वाचली. रिलेशनशिप मॅनेजर, रिलेशनशिप मॅनेजर, सेल्स ऑफिसर, परत रिलेशनशिप मॅनेजर. बँकेची खाती आणि विमा विकण्याचं काम. त्यात वाईट काहीच नाही, माझी मावसबहीण तेच करते आणि उत्तम कमावते. पण मला ज्या खुर्चीत बसायचं होतं, ती त्या यादीत जेमतेम दोन ठिकाणी होती.

ऑफिसमधला एक सीनियर आता बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, क्रेडिट रेटिंगचं काम करतो, म्हणजे कंपनी कर्ज फेडू शकेल का याची श्रेणी ठरवतो. त्याला विचारलं. तो म्हणाला, "अगं, आमच्याकडे कॅम्पसमधून घेतात ते ठरावीक कॉलेजांतूनच. बाकीच्यांची कॅश फ्लोवरून, म्हणजे कंपनीत रोकड कशी येते-जाते यावरून, पार उलटतपासणी घेतात. तेव्हा डिग्री कुठली ते कोणी बघत नाही."

म्हणून मी नोकरी सोडली नाही. मुंबई विद्यापीठाचा एमएफएम (फायनान्समधली मास्टर्स पदवी) हा तीन वर्षांचा पार्ट टाइम अभ्यासक्रम आहे, नोकरी करणाऱ्यांसाठीच. त्याला प्रवेश घेतला. फी पगारातून जाते, कर्ज नाही. सोपं मात्र अजिबात नाही. ऐरोलीहून ट्रान्स हार्बर लोकलने ठाणे, तिथून मुंबईकडची गाडी, आणि रात्री परत येईपर्यंत आईने ताट झाकून ठेवलेलं असतं. कॅम्पस प्लेसमेंटचा दरवाजाही या वाटेवर जवळजवळ नाहीच, दारं स्वतःच ठोठावायची. पण वर्गात शेजारी बसणारे कोणी बँकेत, कोणी ऑडिटमध्ये आहेत. नफा दिसतोय आणि रोकड आटतेय अशी कंपनी कशी ओळखायची, हे मला पुस्तकापेक्षा त्यांच्याकडून जास्त कळलं.

जमनालाल बजाजसारख्या नावाजलेल्या मॅनेजमेंट संस्थेत नंबर लागला असता तर? तर मी नोकरी सोडली असती, कर्जही काढलं असतं. तिथे कंपन्या मला हव्या त्या कामासाठी येतात. फक्त त्यासाठी सीईटीत ९९ च्या वर पर्सेंटाइल लागतं, आणि माझं ८८ होतं.