‘अत्त’चं मराठी काय करायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून. विचारता तेही दर वेळी त्याच सुरात: तेलुगू सिनेमाच्या मराठी सबटायटलमध्ये तीच बाई एकदा आत्या, एकदा सासू, एक काय ते ठरवा की!

नाही ठरवता येत. तेलुगूत ‘अत्त’ म्हणजे आत्या, सासू आणि मामीसुद्धा. ‘मामय्य’ म्हणजे मामा, सासरा, आत्याचा नवरा. काकाची नि मावशीची मुलं मात्र सख्ख्या भावंडांसारखी. तिथे लग्नाचा विषयच नाही. आते-मामे भावंडांचं लग्न, ज्याला ‘मेनरिकम’ म्हणतात, ते गृहीत धरूनच ही भाषा नाती मोजते.

२०१३ चा ‘अत्तारिंटिकि दारेदि’ घ्या. दिग्दर्शक त्रिविक्रम श्रीनिवास, नायक पवन कल्याण. ‘अत्तगारि इंटिकि’ म्हणजे अत्तच्या घराकडे, ‘दारि एदि’ म्हणजे वाट कुठली. आत्याच्या घरची की सासुरवाडीची? नातू दुरावलेल्या आत्याला आजोबांकडे परत न्यायला येतो आणि शेवटी तिचाच जावई होतो. शीर्षकातच पटकथा आहे, मराठीत ती निम्मी गळते. कन्नड (२०१५) आणि तमिळ (२०१९) रिमेकवाल्यांचं बरं आहे. त्यांच्याकडे ‘अत्ते’ आणि ‘अत्तै’ आयते आहेत.

खरी कसोटी रेल्वे स्टेशनच्या प्रसंगात. मुलीने मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून आजोबांनी तिच्या नवऱ्यावर गोळी झाडली होती, तिला घराबाहेर काढलं होतं. तिच्या लेखी बाप तिथेच संपला. नातू तिला पुढचं सांगतो: त्याच दिवशी आजोबा जीव द्यायला निघाले आणि त्यात त्याची आई गेली. राग धरायला कारण त्याच्याकडेही होतं, आणि तरी तो त्याच म्हाताऱ्यासाठी आलाय. आता यात ‘अत्त’ हाक येते तेव्हा हातात दोन ओळी आणि मोजके सेकंद. ‘आत्या’ लिहिलं की मागोमाग ‘अगं’ आणि ‘तू’ येतं. आई गमावलेला भाचा दिसतो. ‘सासूबाई’ लिहिलं की ‘अहो, तुम्ही’, आणि मुलगी पदरात पाडून घ्यायला आलेला जावई दिसतो. हाक बदलली की क्रियापदं बदलतात, मागच्या ओळी पुन्हा उघडाव्या लागतात. ‘अत्त’ तसंच ठेवा म्हणणाऱ्यांना सांगतो, मग टीप हवी, आणि टीप वाचेस्तोवर तिचा चेहरा निघून जातो. इथे आत्याच. यावर मी भांडेन.

बाकी ठिकाणी? पूर्वी मी छातीठोकपणे सांगायचो की मराठीत असा दुहेरी शब्दच नाही. चूक होती ती. गावाकडे सुना सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणतच आल्या आहेत. मला ते जुनाट वाटायचं, म्हणून नजरेआड केलं. मग वाटलं, सापडलं उत्तर!

पण ती हाक सुनेची. आपल्याकडे अनेक घरांत मामाची मुलगी करायची रीत, आत्याची चालत नाही. म्हणून सुनेची सासू ‘आत्या’ होते, पण जावयाची होते ‘मामी’. आणि या सिनेमातला जावई नेमका आत्याची मुलगी करतो. म्हणजे हिशोब पुन्हा उलटा.

‘मामी’ लिहून पाहिलंय. स्टेशनच्या प्रसंगात एकदा मनातल्या मनात घालून बघा, आणि मग विचारा.